तंचंग्या भाषेची शब्दांची टोपली आणि आपला वर्ग



आज एका छोट्या भाषेची ओळख करून घेऊया. तिचं नाव तंचंग्या. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे नाव ऐकलेलं नसेल. बांगलादेशच्या आग्नेय कोपऱ्यात चितगावचा डोंगरी प्रदेश आहे. रांगामाटी, बांदरबन आणि खागडाछडी असे त्याचे तीन जिल्हे. तिथे आणि कॉक्स बझारच्या बाजूला तंचंग्या समाज राहतो. सीमेपलीकडे आपल्या मिझोराम आणि त्रिपुरातही त्यांची घरं आहेत. म्यानमारच्या राखाइन प्रांतात याच लोकांना दाइंनेत म्हणतात. बांगलादेशच्या 2022 च्या जनगणनेत त्यांची संख्या 45 हजारांच्या आसपास भरली. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी!

मग एवढ्या लहान भाषेवर मराठी शिक्षकांनी लेख का वाचायचा? माझं उत्तर सरळ आहे. 'शुद्ध भाषा', 'मिश्र भाषा', 'भाषा की बोली' हे शब्द आपण वर्गात रोज वापरतो आणि त्यांवरून मुलांना नकळत पायऱ्यांवर बसवतो. एखाद्या दूरच्या, आपला अभिमान न गुंतलेल्या भाषेकडे पाहिलं की हे शब्द किती पोकळ आहेत ते चटकन दिसतं. घरच्या भांडणात न्याय करणं अवघड असतं, शेजारच्या भांडणात सोपं. तसंच काहीसं.

ही भाषा आली कुठून?

आधी कुळ पाहू. तंचंग्या ही भारतीय-आर्य कुळातली भाषा आहे. बंगाली, असमिया, चाकमा आणि चितगावची स्थानिक भाषा यांच्या गोतावळ्यात ती बसते. म्हणजे मराठीची ती लांबची का होईना, पण चुलत बहीणच. आपली मराठी महाराष्ट्री प्राकृताच्या वाटेने आली, तर तिकडच्या या भाषा मागधीच्या वाटेने आल्या, असं आपण भाषेच्या इतिहासात शिकतो.

गंमत पुढे आहे. भाषा आर्य कुळातली, पण ही मंडळी राहतात ती तिबेटी-बर्मी भाषांच्या शेजारात. मार्मा, म्रो, त्रिपुरी, चाक असे समाज आजूबाजूला आहेत. लिपीही बंगालीसारखी दिसत नाही. तंचंग्यांची पारंपरिक लिपी चाकमा लिपीसारखी आणि बर्मी वळणाची, गोल गोल अक्षरांची आहे. आपल्या 'क' मध्ये 'अ' लपलेला असतो. त्यांच्या पहिल्या अक्षराचा उच्चारच 'का' होतो, म्हणजे त्यांच्या व्यंजनात 'आ' लपलेला असतो.

यावरून काही अभ्यासकांचं मत असं की, चाकमा आणि तंचंग्यांचे पूर्वज आधी तिबेटी-बर्मी कुळातली भाषा बोलत असावेत आणि पुढे चितगावच्या बाजूला राहताना त्यांनी आर्य कुळातली भाषा आपलीशी केली. हे मत सगळ्यांना मान्य नाही. पण एक गोष्ट मात्र आपण मुलांना ठामपणे सांगू शकतो : माणसांचं कुळ, भाषेचं कुळ आणि लिपीचं कुळ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकत्र चालतातच असं नाही. मराठी आज देवनागरीत लिहिली जाते, पण कित्येक शतकं आपला सगळा कारभार मोडीत चालला. लिपी बदलली म्हणून भाषा बदलली नाही ना?

नावातच दोन नद्या... की एक नदी, एक डोंगर?

'तंचंग्या' या नावाबद्दल दोन उलगडे सांगितले जातात. पहिला नदीचा. बांदरबन जिल्ह्यात मातामुहुरी नदीला मिळणारी तैन नावाची छोटी नदी आहे. तैन-गांगच्या काठचे ते तंचंग्या, असा हा उलगडा. 'गांग' म्हणजे नदी. हा शब्द 'गंगा' वरूनच आला. आणि इथे आपली मुलं लगेच हात वर करतील बघा! कारण आपल्याकडेही नगर-मराठवाड्याच्या पट्ट्यात गोदावरीला लोक नुसतं 'गंगा' म्हणतात. गंगाथडी, गंगाखेड, गंगापूर ही नावं त्यातूनच आली. दोन हजार किलोमीटरवरच्या दोन समाजांनी एकाच विशेषनामाचं सामान्यनाम केलं. व्याकरणाचा हा धडा फळ्यावर उदाहरण लिहून शिकवण्यापेक्षा नकाशावर बोट ठेवून शिकवला तर जास्त टिकेल, असं मला वाटतं.

दुसरा उलगडा डोंगराचा. बर्मी भाषेत 'ताउंग' म्हणजे डोंगर आणि 'या' म्हणजे शेत. 'ताउंग्या' म्हणजे डोंगरउतारावर झाडोरा तोडून, जाळून केलेली फिरती शेती. तिकडे तिला झूमही म्हणतात. आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात कुमरी नावाची अशीच शेती होती, रायगडात दळी जमिनी होत्या. एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेशातल्या ब्रिटिश वनखात्याने या शेतकऱ्यांच्या पिकात सागाची रोपं लावून घ्यायला सुरुवात केली आणि त्या पद्धतीलाच 'ताउंग्या' नाव पडलं. आज जगभरच्या वनशास्त्राच्या पुस्तकांत तो शब्द आहे. डोंगरातल्या माणसाचा शब्द विद्यापीठात पोचला, पण त्या माणसाच्या मुलाची भाषा शाळेत पोचली का? याचं उत्तर पुढे येईल.

आता टोपली उघडूया

कोणत्याही भाषेचा शब्दसंग्रह म्हणजे बाजारातून आलेली टोपली. तळाशी घरचं धान्य, त्यावर शेजारणीने दिलेली भाजी, वर कुठल्या तरी दूरच्या पेठेतली वस्तू. तंचंग्या टोपलीत निदान चार थर दिसतात.

पहिला थर घरचा, म्हणजे प्राकृतातून आलेला. 'मी' साठी 'मुई', 'तू' साठी 'तुई'. पाण्याला 'पानी', भाताला 'भात'. शेजारच्या चाकमा भाषेत आजोबांना 'आजू' म्हणतात, आपण 'आजा' म्हणतो. रोजच्या जगण्याचे, नात्यांचे, शरीराचे शब्द सहसा याच थरातले असतात. भाषेचं कुळ ठरवताना अभ्यासक आधी हेच शब्द आणि क्रियापदांची रूपं तपासतात, कारण ते सहजासहजी उसने घेतले जात नाहीत.

दुसरा थर बर्मी-आराकानी शेजाराचा. तंचंग्या स्त्रियांचा पारंपरिक पोशाख पाच भागांचा असतो : पिनुइन, सालुम, खादी, मादा-काबांग आणि पा-दुरी. पिनुइन म्हणजे कमरेला गुंडाळायचं वस्त्र, सालुम म्हणजे अंगातला सदरा, खादी म्हणजे छातीवरून घ्यायचं वस्त्र. यातले शेवटचे दोन शब्द जरा मोठ्याने वाचा. 'मादा' म्हणजे माथा. 'काबांग' हा बर्मी 'गाउंगबाउंग' या शब्दाच्या जवळचा दिसतो, म्हणजे डोक्याला गुंडाळायचा पटका. एकाच शब्दात अर्धा भाग प्राकृताचा आणि अर्धा ब्रह्मदेशाकडचा! 'पा-दुरी' हा कमरेचा पट्टा, त्यातली 'दुरी' म्हणजे आपली दोरी.

आता 'खादी' ऐकून कुणी म्हणेल, हा तर आपलाच शब्द! इथे थांबायचं. आवाज सारखा म्हणून मूळ एक, असं होत नाही. मुलांना शब्दांचा शोध घ्यायला शिकवताना हा लगाम हवाच. शब्द सारखा, अर्थही जवळचा आणि आवाज कसा बदलत आला तेही सांगता येतं, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच नातं मानायचं. 'माथा' आणि 'मादा' यांत ते जुळतं, कारण दोन स्वरांमधलं कठोर व्यंजन मृदू होणं ही त्या भागातल्या भाषांची ओळखीची सवय आहे.

तिसरा थर धर्माचा. तंचंग्या समाज थेरवादी बौद्ध आहे. त्यामुळे पालीतून आलेले शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेत. भिक्खूला 'भंते' म्हणतात. पावसाळ्यानंतर भिक्खूंना वस्त्र देण्याचा सोहळा म्हणजे 'कठिन चीवरदान'. हे शब्द महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांना वेगळे सांगायची गरज नाही. नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वस्तीतलं मूल आणि रांगामाटीच्या डोंगरातलं मूल, दोघंही 'भंते' म्हणूनच हात जोडतात. मठाला मात्र त्या डोंगरांत 'क्यांग' म्हणतात आणि तो शब्द बर्मी आहे. धर्म एक, शब्द दोन वाटांनी आले.

चौथा थर सत्तेचा. मुघल आणि नंतर इंग्रज. डोंगरी प्रदेशात गावच्या प्रमुखाला 'कारबारी' म्हणतात, अनेक गावं मिळून 'मौजा' होतो आणि मौजाच्या प्रमुखाला 'हेडमन' म्हणतात. 1900 साली इंग्रजांनी या प्रदेशासाठी केलेल्या नियमांतली ही रचना आजही चालू आहे. एका फारसी, एका अरबी आणि एका इंग्रजी शब्दावर गावगाडा उभा आहे! आणि 'कारबारी' म्हणजे कोण? आपला 'कारभारी'च की. फारसी 'कारोबार' पूर्वेला गेला तिथे गावचा मुखिया झाला, आपल्याकडे आला तर वाड्यातला दिवाणजी झाला आणि खेड्यातल्या बाईने नवऱ्याला मारायची हाक झाला.

या चार थरांच्या पलीकडे एक खास शब्द सांगायलाच हवा : 'बिसू'. एप्रिलच्या मध्यावर येणारा हा त्यांचा वर्षाचा मोठा सण. चाकमा त्याला 'बिजू' म्हणतात, त्रिपुरी 'बैसू', असमिया माणूस 'बिहू' आणि केरळात 'विशू'. मूळ संस्कृत शब्द 'विषुव', म्हणजे दिवस-रात्र समान असण्याचा काळ. आणि तो शब्द आपल्या मुलांना कुठे भेटतो? भूगोलाच्या पुस्तकात, 'विषुववृत्त' म्हणून! परीक्षेपुरता पाठ केलेला एक कोरडा शब्द तिकडे फुलं, नदी आणि अनेक भाज्या एकत्र करून रांधलेलं 'पाचन' घेऊन येतो. त्याच दिवसांत तिथे 'घिला' नावाचा खेळ रंगतो. जंगलातल्या मोठ्या वेलीच्या चपट्या, गुळगुळीत बियांनी तो खेळतात. त्याच जातीच्या वेलीला आपण सह्याद्रीत गारंबी म्हणतो. कोकणातल्या पालकांनी ती तपकिरी बी हातात घेऊन पाहिली असेल.

मग ही 'मिश्र' भाषा झाली का?

होय, तशी सगळ्याच भाषा मिश्र असतात. हा दोष नाही, तो भाषेने जगलेल्या दिवसांचा पुरावा आहे. मराठीचंच घ्या. तूप आणि अडकित्ता कानडीकडून, पगार, चावी, घमेलं आणि पाव पोर्तुगीजांकडून, जमीन, शहर आणि बाग फारसीकडून. 'मादा-काबांग' सारखे दोन घरांचे जोडशब्द आपल्याकडेही आहेत : कागदपत्र, बाजारहाट, धनदौलत. यातला एक शब्द परका आणि एक घरचा आहे, हे बोलताना आपल्या लक्षातही येत नाही.

माझं म्हणणं असं की 'शुद्ध मराठी बोल' हे वाक्य आपण वर्गातून काढून टाकावं. त्याऐवजी 'प्रमाण मराठीत हे कसं लिहितात ते पाहू' असं म्हणावं. फरक छोटा वाटतो, पण मुलाच्या बाजूने तो मोठा आहे. पहिल्या वाक्यात त्याच्या आईची भाषा अशुद्ध ठरते. दुसऱ्या वाक्यात त्याच्याकडे एक भाषा आहेच आणि आपण तिच्या शेजारी दुसरी ठेवत असतो.

भाषा की बोली?

तंचंग्यांना हा प्रश्न सतत ऐकावा लागतो. 'तुमची भाषा म्हणजे चाकमाचीच बोली ना?' दोन्ही भाषा खूप जवळच्या आहेत, हे खरंच आहे. पण उच्चार, शब्द, पोशाख, कुळांची नावं यांत फरक आहे आणि तंचंग्या समाज स्वतःला वेगळा मानतो. दुसरीकडे, खुद्द चाकमाचं काय झालं ते पाहा. ग्रियर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात चाकमाला बंगालीच्या पोटात घातलं. भारताच्या 2011 च्या जनगणनेतही चाकमा बोलणारे बंगालीच्याच बेरजेत गेले. म्हणजे तंचंग्या चाकमाच्या पोटात आणि चाकमा बंगालीच्या पोटात. मोठा मासा छोट्याला गिळतो, तसं भाषांच्या याद्यांमध्ये चालतं.

कोकणीची गोष्ट आपल्याला माहीत आहेच. ती मराठीची बोली की स्वतंत्र भाषा यावर किती वाद झाले! ग्रियर्सनने तिला मराठीच्या घरात ठेवलं होतं. शेवटी 1975 साली साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र साहित्यिक भाषा म्हणून मान्यता दिली आणि 1992 साली ती आठव्या अनुसूचीत आली. त्या दोन तारखांनी कोकणीचं व्याकरण बदललं नाही. बदललं ते तिच्याकडे बघणाऱ्यांचं वागणं. म्हणून मी म्हणतो, 'भाषा की बोली' हा प्रश्न शिक्षकाने सोडवायचा नाहीच. शिक्षकाचा प्रश्न एवढाच : या मुलाला माझं बोलणं कळतंय का?

खरी अडचण पहिलीच्या वर्गात आहे

21 फेब्रुवारी 1952 रोजी ढाक्यात बंगाली भाषेसाठी तरुणांनी प्राण दिले. त्या दिवसाची आठवण म्हणून युनेस्कोने 1999 साली जागतिक मातृभाषा दिन जाहीर केला. मातृभाषेचं मोल या देशाला कुणी शिकवायला नको. त्याच बांगलादेशाने 2010 च्या शिक्षण धोरणात आदिवासी मुलांना मातृभाषेतून शिकता यावं असं म्हटलं आणि 2017 साली पूर्वप्राथमिकची पुस्तकं पाच भाषांत दिली : चाकमा, मार्मा, त्रिपुरी, गारो आणि सादरी. हे पाऊल चांगलं होतं, त्याचं कौतुक करायलाच हवं. पण त्या देशात चाळीसच्या आसपास भाषा आहेत. त्या पाचांत तंचंग्या नव्हती.

'चाकमाचं पुस्तक चालेल की तंचंग्या मुलाला', असं कुणी म्हणेल. काही प्रमाणात चालेलही. अनोळखी भाषेपेक्षा जवळची भाषा केव्हाही बरी. पण मग पहिल्याच दिवशी त्या मुलाला कळतं की पुस्तकातला शब्द बरोबर आणि आपल्या आजीचा शब्द थोडासा चुकलेला. हे 'थोडंसं चुकलेलं' असणं मूल आयुष्यभर वागवतं.

दुसरा आक्षेप पालकांचा असतो आणि तो खराही आहे. 'आमच्या मुलाला मोठी भाषा शिकू दे, नोकरी तिच्यावर मिळते.' तिकडचे आईबाप बंगालीबद्दल हे म्हणत असतील, आपले इंग्रजीबद्दल म्हणतात. या पालकांना मी नावं ठेवणार नाही. पण पहिल्या वर्षी घरच्या भाषेतून वाचायला शिकलेलं मूल मोठी भाषा लवकर धरतं, हा अनुभव आपल्यातल्या अनेक शिक्षकांचा आहे. घरची भाषा म्हणजे शिडीची पहिली पायरी. वर जायचं आहे म्हणून कुणी खालची पायरी तोडत नाही.

आणि आता आपल्या अंगणात या. मेळघाटात कोरकू आहे, गडचिरोलीत गोंडी, यवतमाळात कोलामी, पालघरात वारली आणि कातकरी, नंदुरबारात मावची आणि पावरी. ही मुलं मराठी शाळेत येतात तेव्हा आपण 'मोठ्या भाषेचे' शिक्षक असतो. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याच दिवशी पाली, प्राकृत, असमिया आणि बंगालीलाही मिळाला. आपण पेढे वाटले, वाटायलाच हवे होते. पण मोठेपण मिळालं की जबाबदारीही येते. ढाक्याकडे बोट दाखवताना आपल्या वर्गातल्या मागच्या बाकाकडेही पाहायला हवं.

वर्गात काय करता येईल?

फार मोठा उपक्रम नको. एक तास पुरतो. फळ्यावर दहा गोष्टी लिहा : आई, आजोबा, पाणी, भात, माथा, दोरी, नदी, सण, शेत, पाऊस. मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांना विचारायचं, 'तुम्ही याला काय म्हणता?' दुसऱ्या दिवशी सगळे शब्द तक्त्यावर लिहायचे. कोणताही शब्द खोडायचा नाही, कोणत्याही शब्दावर हसायचं नाही. मग वरच्या वर्गातल्या मुलांना विचारायचं : यातला कोणता शब्द घरचा, कोणता शेजारचा, कोणता देवाधर्माचा, कोणता कचेरीचा? त्यांना चार थर आपोआप दिसू लागतील. तंचंग्यातले मादा, दुरी, गांग, बिसू आणि कारबारी हे पाच शब्द त्याच तक्त्यावर एका कोपऱ्यात लिहा आणि नकाशात रांगामाटी शोधायला सांगा.

पालकांना एक विनंती. मूल घरचा शब्द शाळेत बोललं म्हणून त्याला दटावू नका आणि शाळेचा शब्द घरी बोललं म्हणून त्याची थट्टाही करू नका. दोन्ही शब्द त्याचेच आहेत. आजीला विचारायला लावा. आजीकडचे शब्द कोणत्याही शब्दकोशात सापडतीलच असं नाही आणि आजी कायम असणार नाही.

45 हजार माणसांची भाषा टिकेल की नाही, हे रांगामाटीच्या आणि बांदरबनच्या घरांत आणि शाळांत ठरेल. ते आपल्या हातात नाही. आपल्या वर्गातल्या कोरकू, कोलामी, अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाने उद्या तोंड उघडायचं की गप्प बसायचं, हे मात्र पुष्कळसं आपल्या हातात आहे. उद्याच्या पहिल्या तासाला तेवढं करून पाहूया.